खोक्याचं लाकूड, मुसळाचा गाभा आणि एक गिटार

(उरला, रायपूर येथील एका अभ्यासिकेत मराठी भाषक पदवीधर मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



ही गिटार आधी हातोहात फिरवा. घाबरू नका, पडली तर पडली, दुरुस्त करता येते. मागच्यांनी तार छेडून बघितली तरी चालेल, मी थांबणार नाही.

मला विषय दिला होता ‘छंद आणि करिअर’. त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मी बीएस्सी झालो, एका रोलिंग मिलच्या तपासणी विभागात व्हर्निअर घेऊन सळ्यांची जाडी मोजतो, आणि घरी येऊन दोन वर्षांत ही एक गिटार बनवली. करिअर वगैरे नाही. पण ती बनवताना घरात जे भांडण झालं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात वेगळ्या कारणानं झालं असेल. म्हणून बोलतो.

आम्ही मूळचे गोंदिया जिल्ह्यातले. बाबा इथल्या एका वर्कशॉपमध्ये लाकडी खोकी आणि पॅलेट ठोकतात. मशीनचे सुटे भाग, पाइप, मोटारी बाहेर पाठवायच्या तर खालून पॅलेट लागतो, वरून खोकं लागतं. तीस वर्षं ते काम. मी पहिल्यांदा घरात रंधा आणला तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी ताट बाजूला केलं आणि म्हणाले, “तुले हातोडी धराले शिकवलो का मी?”

मला तेव्हा राग आला होता. मला वाटलं, यांना संगीत कळत नाही. त्यांचं म्हणणं किती जुनं आणि किती खरं आहे, हे कळायला मला पुढे वाचावं लागलं. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली होती. मुलानं शाळेत थोडा वेळ बसायचं आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात शिकायचं. पेरियार आणि त्यांच्या लोकांनी तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव देऊन रान उठवलं. राजाजींना पद सोडावं लागलं आणि १९५४ साली कामराज आल्यावर ती योजना रद्द झाली. अगदी अलीकडे, २०२४ साली, तामिळनाडू सरकारनं केंद्राची विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. त्यातला एक मुख्य आक्षेप हाच होता, की अर्जदाराचा धंदा घराण्यातून आलेला असावा ही अट कशाला? माझ्या बाबांनी यातलं काही वाचलेलं नाही. पण बापाची हातोडी पोराच्या हातात दिसली की त्यांना जे वाटलं, ते तेच होतं.

आता लाकडाकडे येतो.

पुस्तकात लिहिलेलं असतं, क्लासिकल गिटारची वरची फळी युरोपातल्या स्प्रूसची किंवा अमेरिकेतल्या सीडारची हवी, आणि पाठ-बाजू शिसवीची. सतारवाले वरच्या फळीला तबली म्हणतात, मीही तबलीच म्हणतो. गंमत बघा. पूर्वी पाठीला ब्राझीलची शिसव वापरायचे. १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली आणि जगभरच्या गिटारवाल्यांनी आपल्या दक्षिणेतल्या शिसवीकडे आणखी मोर्चा वळवला. म्हणजे माद्रिद-टोकियोत बनलेल्या चांगल्या गिटारीची पाठ बऱ्याचदा भारतातली असते. लाकूड आपलं, नाव त्यांचं. मला मात्र रायपुरात परवडेल अशी सुकी, सरळ धाग्याची शिसव मिळाली नाही. मग जे मिळालं ते घेतलं.

तबली खम्हारची. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात शिवण म्हणतात तेच झाड. वजनाला हलकं, सुकल्यावर फारसं वाकत नाही. या भागात ढोल कोरायला ते वापरतात, तेव्हा त्याचा आवाज लोकांना आधीपासून माहीत आहे, माझा शोध नाही. पाठ आणि बाजू बीजाच्या, म्हणजे आपला बिबला. एक जुनं घर पाडलं, त्याच्या चौकटी विकत घेतल्या, पावती आहे. हे मुद्दाम सांगतो. जंगलातलं लाकूड कुणी स्वस्तात देतो म्हणालं तर घेऊ नका. त्यात अडकतो तो आपल्यासारखाच माणूस, डेपोवाला नाही. बीजा ओला केला की हाताला तपकिरी रंग येतो. याच लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेहवाले सकाळी पितात, तुमच्या घरात कुणीतरी पीत असेल.

दांडी सागवानी, तीही जुन्या दारातली. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी जोड स्पिरिटनं पुसून घ्यावा लागतो. बोटं जिच्यावर फिरतात ती काळी पट्टी पाहिलीत? पुस्तकाप्रमाणे ती आबनूसची हवी. आबनूस फार महाग. पण आबनूसच्या जातकुळीतलं एक झाड आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलेलं आहे. तेंदू. त्याची पानं सगळ्यांना माहीत, कारण त्यावर बिडी होते. आजी गावी असताना बिड्या वळायची, आई लग्न होईपर्यंत वळायची. पण जुन्या तेंदूच्या आत काळा, दगडासारखा गाभा असतो, तो कुणी बघत नाही. आमच्याकडे आजीचं धान कांडायचं मुसळ होतं, तेंदूचं. गावाहून येताना तेवढं आणलं होतं. ते मी कापलं. आईनं कापू दिलं. दोन दिवस बोलली नाही, पण कापू दिलं. गाभा पूर्ण काळा निघाला नाही, म्हणून पट्टीच्या एका कडेला पिवळट रेघ दिसते. दोष आहे तो, नक्षी नाही.

आणि आतल्या काड्या. तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि सहा तारांचा ताण मिळून चाळीस किलोच्या आसपास. काड्या नसतील तर ती पापडासारखी मोडेल. त्या काड्या पंख्यासारख्या लावायची पद्धत अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानं पक्की केली. जन्म १८१७, मूळचा सुतार. आज जगात क्लासिकल गिटार म्हणून जे वाजतं ते बहुतेक त्याच्याच आराखड्यावर उभं आहे. तबलीच महत्त्वाची आहे हे दाखवायला त्यानं १८६२ मध्ये एक गिटार बनवली, तबली लाकडाची आणि पाठ-बाजू कागदाच्या लगद्याच्या. ती अजून बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

काड्यांना मात्र स्प्रूसच हवा असं मला वाटत होतं आणि तो कुठून आणायचा कळत नव्हतं. इथे बाबांचा पहिला प्रवेश. उरल्यात युरोपातून मशीन येते ती लाकडी खोक्यात येते. खोक्यावर एक शिक्का असतो, गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि ‘एचटी’ अशी अक्षरं. म्हणजे लाकूड तापवून किडमुक्त केलंय. ती खोकी बऱ्याचदा स्प्रूसचीच असतात. ज्या लाकडासाठी पुस्तकं आरत्या ओवाळतात, ते आमच्या वर्कशॉपमागे चहाच्या चुलीत जळत होतं. बाबा त्याला ‘ओंबीवालं लाकूड’ म्हणतात, कारण ते खिळ्याला फाटतं आणि त्यांना त्रास होतो.

पुस्तकात लिहिलं होतं, काडी करवतीनं कापू नका, फोडा. फोडली की ती लाकडाच्या धाग्यानं फुटते आणि सरळ, मजबूत मिळते. मी पटाशी लावून तीन ठोकळे वाया घालवले. बाबा दारात उभे राहून बघत होते. शेवटी आले, ठोकळा उचलला, टोक बघितलं, उलटा केला, पुन्हा बघितलं आणि कुऱ्हाडीचा एक हलका ठोका दिला. लाकूड वरपासून खालपर्यंत सरळ उघडलं. दुसरा ठोकळा हातात घेऊन त्यांनी बाजूला टाकला. “हा वाकडा फुटते.” कसं कळलं विचारलं तर म्हणाले, चूल पेटवणाऱ्याला कळते. त्या संध्याकाळी त्यांनी सात काड्यांचं लाकूड फोडून दिलं आणि काही न बोलता आत गेले.

मी विचार करत बसलो की पुस्तकानं ज्याला दोन पानं दिली होती, ते या माणसाला येत होतं आणि त्याच्या मते ते ‘येणं’ नव्हतंच. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये १९३६ सालीच दाखवलंय की जात म्हणजे कामांची वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, तीही खाली-वर अशी. आणि त्यात माणसाला स्वतःचं काम निवडता येत नाही. हे आपण परीक्षेत लिहिलंय. मी बाबांच्या बाजूनं त्याचा अर्थ त्या दिवशी लावून पाहिला. त्यांनी काम निवडलं नाही, म्हणून त्यांना त्यातलं ज्ञान स्वतःचं वाटत नाही. मॉलमध्ये एखादी लाकडी ट्रे ‘हँडमेड’ म्हणून चार पट किमतीला विकतात. बाबांची खोकीही हातानंच बनतात. त्यांना तो शब्द कुणी लावलेला मी ऐकला नाही.

आता आमचं खरं भांडण. ते रंध्यावरून नव्हतं, सरसावरून होतं.

सरस माहीत आहे ना? जुने सुतार वापरायचे तो गोंद. जनावराचं कातडं, हाडं उकळून करतात. वाद्यवाले अजून तो पसंत करतात, कारण वाफ दिली की जोड उघडतो आणि वाद्य दुरुस्त होतं. मी सरसाचे खडे आणले, भिजवले, डब्यात घालून गॅसवर गरम करायला ठेवले. वास सुटला. बाबा कामावरून आले, दारातच थांबले. मग त्यांनी डबा उचलून नालीत ओतला. मला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, की हा वास घरातून जावा म्हणून आज्यानं गाव सोडलं.

आमचे आजोबा मेलेली ढोरं ओढायचे. महाडच्या काळापासून बाबासाहेब सांगत होते, ते काम सोडा, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आजोबांपर्यंत ते पोचायला वीस-पंचवीस वर्षं गेली, पण पोचलं आणि त्यांनी ते केलं. त्याची किंमत काय दिली हे घरात कुणी सांगत नाही. मी मात्र इंटरनेटवर वाचून, ‘पारंपरिक पद्धत’ म्हणून तोच वास घरात आणला होता.

त्यानंतर मी वाचत गेलो आणि मला एक गोष्ट डाचायला लागली. सरस तर कातड्याचाच. तारा पूर्वी आतड्याच्या, आपल्याकडे तात म्हणतात ती. नायलॉनच्या तारा दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी हाडाची. पखवाज, मृदंग, तबला, सगळी तोंडं चामड्याची. म्हणजे देवळात, मैफलीत जे सगळ्यात पवित्र म्हणून वाजतं, त्याच्या आत आपल्यातल्याच कुणाच्या तरी हाताचा वास आहे. फक्त तो हात मंचावर नाही. टी. एम. कृष्णा यांचं ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे २०२० सालचं पुस्तक मिळालं तर वाचा. तंजावर-चेन्नईच्या मृदंग बनवणाऱ्यांवर आहे, त्यातले बरेच दलित ख्रिस्ती. गायीचं, बकऱ्याचं, म्हशीचं कातडं निवडून, नाद जुळवून देणारी ही माणसं. पालघाट मणी अय्यर यांच्यासारख्या थोर वादकाचा नाद घडवण्यात पार्लांदू या कारागिराचा किती वाटा होता, हे त्यात आहे. त्याच्या प्रकाशनासाठी कलाक्षेत्र या संस्थेनं सभागृह आधी दिलं आणि मग परवानगी काढून घेतली. कार्यक्रम दुसरीकडे झाला.

याच्या उलट आपल्या मिरजेचं बघा. तिथले सतार-तंबोरा बनवणारे शिकलगार. मूळ धंदा तलवारी, हत्यारं घासून धार लावायचा. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले आणि फरीदसाहेबांसारख्यांनी वाद्यं दुरुस्त करता करता बनवायला घेतली. पंढरपूरकडचे भोपळे, तून नावाचं तांबूस लाकूड. आज त्या घरांचं आडनावच सतारमेकर आहे, गल्ली त्यांच्या नावाची आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी याला सुखान्त म्हणणार नाही. मानांकनानं पोटं भरतात का, हे त्यांनाच विचारायला हवं. पण तिथे एक गोष्ट घडली. त्या लोकांनी जुना धंदा टाकून नवा निवडला आणि वाद्यावर स्वतःचं नाव घातलं. जन्मानं मिळालेलं काम आणि निवडलेलं काम यातला फरक मला तिथे दिसतो, जरी पुढच्या पिढ्यांसाठी तेही पुन्हा जन्माचंच होत गेलं.

तर मी सरस सोडला. फेविकॉल वापरलं. बाबांच्या घरात राहायचं तर बाबांच्या अटीवर. त्याची शिक्षाही मिळाली. पहिली तबली मी ऑगस्टमध्ये चिकटवली. रायपूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात ते आकसलं आणि रात्री दोन वाजता काच तडकल्यासारखा आवाज झाला. घोडीपासून खालपर्यंत चीर. सरस असता तर तबली नीट उघडली असती. फेविकॉल गरम करून सैल झालं, पण राहिलेल्या थरावर दुसरा गोंद धरेना. नवी तबली करावी लागली. ती फेब्रुवारीत चिकटवली, हवा कोरडी पण भाजकी नसते तेव्हा. ज्यांना करून बघायचंय त्यांनी एवढं लक्षात ठेवा. इथे पावसाळ्यात रंधा मारा, कापा, घासा, पण तबलीला काड्या चिकटवू नका.

फ्रेटचं गणित मात्र माझ्या वाट्याचं होतं. तारेची लांबी ६५० मिलिमीटर. अष्टकात बारा सूर समान अंतरानं बसवायचे तर प्रत्येक फ्रेटला उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं. हा आकडा दोनच्या बाराव्या मुळातून येतो. पहिला फ्रेट ३६.४८ वर, पुढचा त्यापासून ३४.४३ वर, बारावा बरोबर मध्यावर, ३२५. जुने कारागीर १८ नं भागायचे. १५८१ मध्ये गॅलिलिओच्या वडिलांनी, विन्चेन्झो गॅलिलेई यांनी, हा नियम लिहून ठेवलाय. तेही वादक होते. पण १८ घेतलं तर बारावा फ्रेट जवळपास अडीच मिलिमीटर चुकतो. मी हे बाबांना व्हर्निअरनं दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला, “मंग अठराच काऊन?” सोपं पडतं म्हणून, मी म्हणालो. ते हसले. खोक्यांच्या मापात तेही असंच करतात म्हणे.

बाबासाहेब उतारवयात शिकवणी लावून व्हायोलिन शिकत होते, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यांचं व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या स्मारक संग्रहालयात आहे. मी ते बघायला गेलो होतो. घरात कुणी वाजवणारं नव्हतं, बिरादरीची अपेक्षा नव्हती, कामाचा डोंगर होता, तरी त्यांना ते शिकावंसं वाटलं. मला कुणी विचारतं, आपल्या लोकांनी गिटार कशाला, ढोलकी का नाही? मी म्हणतो, ढोलकीही वाजवा. पण कुणी काय वाजवावं हे आता तरी जन्मावरून ठरवू नका.

अजून एक सांगतो, ते मला आवडतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ब्राझीलच्या महागड्या शिसवीपासून स्वस्त लाकडापर्यंत. मग ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या, पण डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे घालून. आपल्या इथे घालतात तेच. लाकूड दिसेनासं झाल्यावर त्यांच्या पसंतीत फारसा फरक उरला नाही. टाळ्या वाजवू नका, थांबा. यावरून लगेच माणसांच्या जातीवर उदाहरण द्यायचा मोह होतो, मलाही झाला. पण लाकडालाकडात फरक खरोखर असतो. खम्हारची तबली स्प्रूसपेक्षा कमी ताठ, म्हणून मी ती थोडी जाड ठेवली आणि तिचा आवाज थोडा बसका आहे. माणसांचं तसं नाही. तेव्हा उपमा इथेच सोडू. त्या प्रयोगातून मी घेतो ते एवढंच, की महाग लाकूड नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

सगळं स्थानिक आहे असाही दावा नाही. पिळायच्या खुंट्या चिनी, तारा विकतच्या. सातव्या फ्रेटवर जाड तार करकरते. मागच्या रांगेतून आत्ता तोच आवाज आला.

नावाचं राहिलं. गिटारीच्या भोकातून आत बघाल तर पाठीवर बनवणाऱ्याचा कागद असतो, तोरेसही लावायचा. मी कागद छापून आणला होता, त्यावर दोन नावं. बाबांचं आधी, माझं नंतर. बाबा म्हणाले, तुझं लाव, माझं नको, वर्कशॉपात कळलं तर लोक हसतील. मी म्हणालो, मग माझंही नको. तो कागद अजून घरी डब्यात आहे. पण मोबाइलचा दिवा लावून, छोटा आरसा आत तिरका धरून तबलीची आतली बाजू बघा. काड्यांवर शिसपेन्सिलीनं आकडे दिसतील, एक ते सात. खोक्याच्या फळ्यांवर घालतात तसे, खाली आडवी रेघ मारून. ते मी घातलेले नाहीत. आरसा माझ्या पिशवीत आहे, कुणाला हवा?